नवव्या उदाहरणाचे मनोगत

जालन्यात असताना मी काही वर्षं एका प्रकाशनसंस्थेत काम केलं. प्रकाशनसंस्था म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे कथा-कादंबऱ्या येतात, सह्या देणारे लेखक येतात. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. आम्ही संशोधनाची पुस्तकं काढायचो. प्राध्यापकांचे प्रबंध, कुणाचे अभ्यास, तक्त्यांनी भरलेली परिशिष्टं. जुन्या जालन्यात गांधी चमनच्या अलीकडे एका गल्लीत, छापखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं कार्यालय होतं. यंत्र सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरायचा आणि बंद पडलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. आमची पुस्तकं ग्रंथालयांत जात आणि तिथेच राहत. चुकून एखादा वाचक दारात आलाच, तर त्याला बसवायला जादा खुर्चीसुद्धा नव्हती.

संस्था चालवणारे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना सगळे सर म्हणत, मीही म्हणायची. सरांचं एक ठाम मत होतं: पुस्तक कोणी वाचत नाही, पण पुस्तकाबद्दल चार ओळी छापल्या तर त्या वाचतात. म्हणून आम्ही दर तीन महिन्यांनी चार पानांचं वार्तापत्र काढायचो. पहिल्या पानावर निघालेली पुस्तकं, दुसऱ्यावर निघणार असलेली, आणि तिसरं पान अख्खं ‘लेखकाचे मनोगत’. चौथ्या पानावर किमती. महाविद्यालयं, वाचनालयं, मोठ्या गावच्या शाळा, जिथला पत्ता मिळेल तिथे ते बुकपोस्टाने जायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. पोस्टमन अजून भरवशाचा होता.

मनोगत लिहायचं काम माझ्याकडे होतं. लेखकाने स्वतः लिहून द्यावं असा प्रयोग आम्ही आधी केला, पण सगळ्यांची मनोगतं सारखीच यायला लागली. मार्गदर्शकांचे आभार, पत्नीची साथ, मित्रांचा आग्रह. शेवटी सर म्हणाले, तू समोर बसून विचार आणि तूच लिही. तेही सोपं नव्हतं. माणूस संशोधनाबद्दल तासभर बोलतो आणि स्वतःवर आला की घड्याळाकडे बघतो. बदनापूरच्या संशोधन केंद्रातले एक शास्त्रज्ञ आले होते. त्यांना मी विचारलं, हे पुस्तक लिहावंसं का वाटलं? त्यांनी तुरीच्या मर रोगाची सगळी लक्षणं सांगितली. तुरीला काय होतं ते मला कळलं, त्यांना काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या एका इतिहासाच्या अभ्यासकांनी फोटो म्हणून स्वतःच्या लग्नातला फोटो कापून दिला. त्यांच्या खांद्यावर बांगड्या घातलेला एक हात तसाच राहिला होता. सरांनी तो तसाच छापला.

अशात वाटण्यांवरचं पुस्तक आलं. लेखक समाजशास्त्र शिकवायचे, राहायला जालन्यात होते. बोलणं मोजकं, कपडे इस्त्रीचे, आणि संदर्भसूचीत एक स्वल्पविराम हलला तरी बेचैन होणारा माणूस. मला असे लेखक आवडायचे, कारण त्यांच्यामुळे माझं काम कमी व्हायचं. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरांत भावाभावांच्या वाटण्या कशा होतात, हा त्यांचा विषय होता. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. थोरल्याने जमिनीचे वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला मुद्दाम कमी-जास्त करणार नाही, कारण उरलेला वाटा त्याच्याच पदरात पडणार. ऐकायला ही रीत इतकी न्यायाची वाटते की त्यावर वेगळं पुस्तक कशाला, असं मला आधी वाटलं होतं. लेखकाचं म्हणणं उलटं होतं. धाकट्याचा स्वभाव थोरल्याला लहानपणापासून पाठ असतो, तो काय उचलणार हे ओळखूनच थोरला वाटे पाडतो. आधी उचलायचा मान धाकट्याचा, पण विहीर थोरल्याची. पुस्तकात एकेका घराची हकिगत दिली होती. गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, फक्त उदाहरण एक, उदाहरण दोन असं.

मनोगतासाठी ते माझ्यासमोर बसले तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, या पुस्तकात तुम्हाला अभिमान वाटावा असं काय आहे? ते चटकन म्हणाले, “पद्धत. मी प्रत्येक घरी दोन्ही भावांना विचारलं. वेगवेगळं बसवून विचारलं. एकाच्या तोंडचं ऐकून मी एक ओळ लिहिलेली नाही.” मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि तिसऱ्या पानाचा मथळा त्यावरच केला. फोटो त्यांनी चांगला दिला होता.

वार्तापत्र गेल्यावर काही दिवसांनी एक गृहस्थ दारात उभे राहिले. पांढरा सदरा, टोपी, पायांत वहाणा, हातात कापडी पिशवी. आमच्याकडे येणाऱ्या माणसांसारखे ते दिसत नव्हते, म्हणून मला वाटलं, पत्ता चुकले असतील.

“पुस्तकाचं ऑफिस हेच का, ताई?”

मी हो म्हटलं.

“आमच्या धाकट्याचं पुस्तक छापलं न तुम्ही? शाळंतल्या गुरुजीनं कागद दाखवला. फोटो बराबर त्याचाच. मोंढ्यात माल घेऊन आल्तो, म्हनलं जल्दी एक घेऊन टाकावं.”

हे पिंपळगाव रेणुकाईकडून आले होते. लेखकाचे थोरले भाऊ. लेखकाने भावाला पुस्तकाची प्रत दिली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी काही विचारायच्या आत त्यांनीच ते सावरून घेतलं. “त्याला कामाचा लई व्याप ऱ्हातो. गावाकडं येनं होत न्हाई त्याचं.” मग पिशवीतून त्यांनी ओंजळभर हिरव्या मिरच्या काढून माझ्या टेबलावर, तपासायच्या मुद्रितांच्या शेजारी ठेवल्या. विहिरीवरच्या आहेत, म्हणाले. सरांनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः गठ्ठ्यांवर बसले.

पुस्तक कशावर आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. वाटण्यांवर आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम फुलला.

“मंग आमची बी असंल त्याच्यात! आमच्यासारखी वाटणी पंचक्रोशीत झाली न्हाई, ताई. वाटे म्या पाडले. एकात विहीर, एकाला सडक. विहीर तो उचलंल असं मला वाटत व्हतं, त त्यानं सडकंकडचं वावर उचललं. मला विहीर सोडली. दादा शेतात राबतो, त्याला पानी पाहिजे, म्हनून. तोंडानं बोलला न्हाई, पर म्या समजलो. सोयऱ्याधायऱ्यांत बसलो की हेच सांगतो मी. शिकलेला भाऊ हाय, पर विहीर सोडली त्यानं.”

त्या पुस्तकाची मुद्रितं मीच तपासली होती. ते बोलत असताना मला नववं उदाहरण आठवायला लागलं. एक विहीर, एक सडक, धाकटा नोकरीत. त्यात लिहिलं होतं की थोरल्या भावाला धाकट्याची निवड आधीच ठाऊक होती. शिकलेला माणूस सडकेकडे ओढला जाणार हे हेरून त्याने वाटे पाडले, आणि विहीर स्वतःकडे राहील अशी व्यवस्था केली. पुढे दुष्काळ पडला तेव्हा या व्यवस्थेचे फळ दिसले, असंही एक वाक्य होतं. त्या वाक्यातल्या क्रियापदाचा काळ बदलावा का, यावर लेखकाशी माझी चर्चा झाली होती. ही घरचीच गोष्ट आहे, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आता काय करणार? विकत घ्यायला आलेल्या माणसाला पुस्तक वाचू नका असं सांगायची पद्धत कुठल्याच प्रकाशनात नसते. मनात म्हटलं, कोण वाचतंय? आमची पुस्तकं ज्यांनी लिहिली त्यांच्याखेरीज आणि माझ्याखेरीज कोणी वाचत नव्हतं. पहिली तीस पानं तर निव्वळ सिद्धांताची होती. त्या तीस पानांवर माझा मोठा भरवसा होता. सर सवलत द्यायला लागले, ती त्यांनी बिलकुल घेतली नाही. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, टोपी सारखी केली आणि गेले. त्या मिरच्या मी घरी नेल्या. चांगल्या तिखट होत्या.

उन्हाळा लागला तेव्हा ते परत आले. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं, शाळेतली मुलं घालतात तसं. पिशवीत या वेळीही मिरच्या होत्या. त्या त्यांनी आधी काढून ठेवल्या, मग पाणी मागितलं, मग बसले. सर बाहेर गेले होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, कारण पुस्तकाच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि त्या शेवटच्या पानापर्यंत काळ्या होत्या.

“सगळं वाचलं,” ते म्हणाले. “टेबलं बी वाचले. रोज दोनदोन पानं. समजत न्हाई ते पुन्हा वाचलं. नववं आमचंच न, ताई?”

मी म्हटलं, पुस्तकात नाव नाही, त्यामुळे मी कसं सांगणार?

“नाव काऊन पाहिजे? विहीर वळखू येत न्हाई का मला माझी?” ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवीतून आमचंच वार्तापत्र काढलं, घड्या घालून घालून विरलेलं, आणि मी केलेल्या मथळ्यावर बोट ठेवलं. “इथं लिव्हलंय, दोन्ही भावाला विचारलं. मला कवा विचारलं? मी घरीच व्हतो. कुठं गेल्तो का मी?”

मी चहा सांगितला.

चहा आला, त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि मग ज्या कामासाठी ते आले होते ते सांगितलं. वार्तापत्रात त्याचं मनोगत छापलं, तसं माझं छापा. नाव टाकू नका. ‘नवव्या उदाहरणाचं मनोगत’ असं वर टाका. मला आधी हसू आलं. आमच्या धंद्यात मनोगत लेखकाचं असतं, उदाहरणाचं नसतं. पण हसता हसताच लक्षात आलं की या माणसाची मागणी रास्त आहे. ज्याच्यावर पानभर लिहिलं त्याला पानभर जागा द्यायला काय हरकत होती? मी कागद घेतला आणि म्हटलं, सांगा.

त्यांनी जे सांगितलं त्यात तक्रार नव्हती, हिशेब होता. भाऊ नोकरीवाला. तो शेत स्वतः करणार नाही, बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला कसायला देणार. बटईदार पाणी बघून येतो. कोरडवाहू वावर बटईला कोणी धरत नाही. म्हणून विहिरीचा वाटा त्याच्यासाठी पाडला. सडकेकडचं वावर मी ओढलं असतं कसंही, मला दोन हात आहेत. “त्यानं सडक उचलली तवा मी चारचौघांत रडलो. लोकाला वाटलं, विहीर मिळाली म्हनून रडून राह्यला. मी रडलो ते भावासाठी. म्हनलं, आपन त्याच्यासाठी काढून ठेवली आन त्यानं आपल्यासाठी सोडली. असं घर कुठं भेटतं?” पुढचं वाक्य त्यांनी खाली बघून सांगितलं. “इतकी वर्षं मी त्याचं नाव घेऊन राह्यलो, आन तो इतकी वर्षं मला चोर समजून राह्यला. हे एवढं लिव्हा.”

मी लिहिलं. मग त्यांना सगळं वाचून दाखवलं. मान हलवत ऐकलं त्यांनी, एक-दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले. ‘चोर’ काढायला लावला. ‘वाईट’ टाका म्हणाले. मीही टाकला.

मग त्यांनी विचारलं, “हे छापल्यावर त्याच्या पुस्तकाचं काय व्हईल?”

मी खरं तेच सांगितलं. एक उदाहरण गळेल. आणि ज्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला ते विचारतील की इथे दोघांना विचारलं नाही, तर बाकीच्या घरी विचारलं कशावरून?

“म्हंजे पुस्तक खोटं पडंल?”

“खोटं नाही. पण शंका राहील.”

“कालेजात बोलतील त्याला?”

“बोलतील.”

यंत्र चालू होतं, बशी कपाखाली वाजत होती. मग ते म्हणाले, “मंग ऱ्हाऊ द्या.” मी म्हटलं, दादा, असं करू नका, हे तुमचं आहे. मला मनापासून वाटत होतं की ते छापावं. पण त्यांनी कागदाकडे हात केला. “फाडा तो. त्यानं लई वर्षं घातली त्या पुस्तकात. माझं काय, मला लोकाला सांगायला आता काही न्हाई, एवढंच.” मी तो त्यांच्यासमोर फाडला. पुस्तक त्यांनी परत पिशवीत घातलं आणि निघाले. भावाला सांगू नका, असं ते म्हणाले नाहीत, आणि हे मी नीट लक्षात ठेवलं.

लेखक पावसाळ्यात आले, दुसऱ्या पुस्तकाचा आराखडा घेऊन. खुर्ची झटकून बसले आणि सगळे लेखक विचारतात तेच त्यांनी विचारलं. “पुस्तकावर काही आलं का कुणाचं?”

“एका वाचकाने पूर्ण वाचलं,” मी म्हटलं. “तक्त्यांसकट.”

त्यांचा आनंद लपेना. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. “तक्तेसुद्धा? कोण? विद्यापीठातले का?”

“तुमचे दादा.”

मग मी सगळं सांगितलं. बटईदाराचं, चारचौघांत रडल्याचं, मनोगत सांगितल्याचं आणि फाडायला लावल्याचं. सांगताना मी आवाज साधा ठेवला, पण आतून चिडलेली होते. शेवटी मी विचारलंच. इतक्या घरी फिरलात, दोघा-दोघांना वेगळं बसवून विचारलंत, मग आपल्याच घरी का नाही?

मला वाटलं होतं, ते पद्धतीबद्दल काहीतरी बोलतील. संशोधकाने स्वतःच्या घराकडे तटस्थपणे बघणं अवघड असतं वगैरे. तेवढं बोलायची त्यांची तयारी नेहमीच असायची. पण ते आराखड्याचे कागद सारखे करत राहिले, आणि बोलले ते वर न बघता.

“विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं. दादा खोटं बोलत नाही. आणि त्यानं सांगितलं असतं, तर मग मी इतकी वर्षं चिडलो होतो ते कशावर?”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तो कागद आहे का? मी म्हटलं, फाडला, त्यांच्या समोर. पण मला शब्द न् शब्द आठवतो, पुढच्या अंकात घेऊ. त्यावर ते नको म्हणाले. “दादाच नको म्हणाला ना? एकदा त्यानं माझ्यासाठी काढून ठेवलेलं मला ओळखू आलं नाही. या वेळी ओळखतो. हे घेतो मी.”

मला त्यांचा संताप आला. पुस्तक शाबूत राहिलं आणि वर भावाच्या मायेची पावतीही मिळाली, असा सौदा कुणालाही आवडेल. मी म्हटलं, घ्यायचं तर घ्या, पण ते इथे माझ्या टेबलापाशी बसून घेता येत नाही. दादांना काय कळणार तुम्ही घेतलं ते? ते तिकडे असंच धरून बसलेत की तुम्ही अजून त्यांना वाईट समजता. लेखकाशी असं बोलायची माझी पायरी नव्हती. आतल्या खोलीत सर होते, त्यांनी ऐकलं असणार. ते बाहेर आले नाहीत.

लेखकांनी आराखडा परत पिशवीत घातला. मला वाटलं, आता हे दुसऱ्या प्रकाशकाकडे जाणार. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वहाणा घालता घालता थांबले.

“पिंपळगावची गाडी हल्ली किती वाजता असते?”

जन्म त्यांचा तिकडचा, आणि गाडीची वेळ मला विचारत होते. मलाही ती ठाऊक नव्हती. स्टँडवर जाऊन बसा, म्हटलं, येईल.